एमएस-सीआयटीच्या खुर्चीवर कोण बसलं?

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत ज्युनिअर डेव्हलपरच्या तीन जागा निघाल्या आणि चार दिवसांत अर्जांचा ढीग पडला. एचआरने टीममध्ये विचारलं, कुणी गाळणी लावून देईल का? मी लावून दिली. अट साधी होती. पदवीच्या रकान्यात बी.ई. किंवा बी.टेक. असेल तर अर्ज पुढे, नसेल तर बाहेर. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

दोन आठवड्यांनी बाहेर पडलेले अर्ज मीच चाळत बसलो होतो. मनात उदात्त हेतू वगैरे काही नव्हता. लोक बी.ई. सतरा प्रकारे लिहितात. टिंब देतात, देत नाहीत, पुढे कंसात ब्रँच टाकतात. त्यातलं कुणी चुकून बाहेर फेकलं गेलंय का, एवढंच बघायचं होतं. तेव्हा एका अर्जावरचा पत्ता दिसला. तालुका आंबेगाव, गाव डिंभे धरणाच्या मागच्या अंगाचं. मी शेजारच्या जुन्नर तालुक्यातला, वारूळवाडीचा. आपल्याकडचा पत्ता दिसला की माणूस थांबतोच.

शिक्षण: दहावी, आयटीआयमधून कोपा, मग मुक्त विद्यापीठाची पदवी. खाली कोडची लिंक होती. हिरड्याची खरेदी नोंदवायचं छोटं ॲप. कुणी किती किलो आणला, ओला की सुका, भाव काय लागला, पैसे दिले की बाकी आहेत. आमच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करून विकणं हा आदिवासी घरांचा मोठा आधार आहे, त्यामुळे या मुलीने कुणाच्या अडचणीवर काम केलंय ते मला लगेच कळलं. कोड नीट होता. टेस्टसुद्धा लिहिलेल्या होत्या. आमच्या टीममध्ये सगळे लिहितातच असं नाही.

तिला बाहेर काढणारी ओळ माझी होती.

त्या रात्री मी माझा पहिला रेझ्युमे शोधून काढला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बनवलेला. त्यात तळाशी एक ओळ होती: एमएस-सीआयटी, २०१३. प्लेसमेंटच्या आधी एका सीनिअरने ती बघून हसून सांगितलं होतं, ‘हे काढ, क्लार्कची नोकरी मागतोयस का?’ मी काढली. पुन्हा कधी घातली नाही.

ही जी खालच्या पायरीवरची प्रमाणपत्रं आहेत, एमएस-सीआयटी, कोपा, ‘ओ’ लेव्हल, ती आली कुठून आणि घेतली कुणी, हे मी गेले काही महिने वाचतोय. माझ्याच तालुक्याचा इतिहास मला त्यात सापडत गेला.

*

वारूळवाडी कुठे आहे हे सांगायचं तर नारायणगाव सांगावं लागतं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव लोकांना टोमॅटोच्या मार्केटमुळे आणि तमाशाच्या राहुट्यांमुळे माहीत असतं. वारूळवाडी त्याला चिकटून आहे. एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे घरपट्टीच्या पावतीवरच कळतं.

या भागाची एक गंमत आहे. नारायणगावापासून जवळच आर्वी. तिथे १९७१ साली देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळपास तीस मीटर व्यासाची तबकडी. भारतातून परदेशी जाणारे फोन आणि तार संदेश उपग्रहाकडे पाठवायची सोय या उसाच्या-कांद्याच्या शेतांमधून झाली. दुसऱ्या बाजूला खोडद. तिथे नव्वदच्या दशकात जीएमआरटी उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि त्या सगळ्यांकडून येणारे संकेत एकत्र जुळवणारे संगणक. या जागेच्या निवडीमागचं एक मोठं कारण असं की इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता.

जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप मुंबईच्या टीआयएफआरचे. आणि भारतात प्रोग्रॅमिंग शिकवण्याची गोष्ट सुरू होते तीही बऱ्याच अंशी टीआयएफआरमध्येच. टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक तिथे १९६० पर्यंत तयार झाला. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि देशभरातल्या संशोधकांनी ते वापरावं म्हणून प्रोग्रॅमिंगचे वर्ग चालवले गेले. त्याच्या आगेमागे आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला. तिथेही फोरट्रानचे छोटे अभ्यासक्रम घेतले जात. या वर्गांना बसणारे कोण? शास्त्रज्ञ, प्राध्यापक, इंजिनीअर. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच पदवी होती तेच. प्रोग्रॅमिंग हे पदवीवरचं तोरण होतं. त्यासाठी वेगळ्या प्रमाणपत्राची गरजच नव्हती.

म्हणून आमच्या तालुक्यात १९७१ पासून अवकाशाशी बोलणारं यंत्र होतं आणि तरी माझ्या आधीच्या पिढीतल्या कुणी संगणकाला बोट लावलेलं नव्हतं. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेची सहल खोडदला जायची. आम्ही तबकडीकडे मान वर करून बघायचो, भेळ खायचो आणि परत यायचो. यात खोडदच्या लोकांचा काही दोष नाही, उलट ते प्रदर्शन फार प्रेमाने भरवतात. पण तबकडी आणि आमच्यामध्ये पायरीच नव्हती.

*

पायऱ्या बांधायचं काम आधी बाजाराने केलं. एनआयआयटी १९८१ मध्ये सुरू झाली, ॲपटेक १९८६ मध्ये. शहरांत गल्लोगल्ली कम्प्युटर क्लास निघाले. प्रत्येकाचा डिप्लोमा वेगळा, फी वेगळी, आणि त्या कागदाची किंमत किती ते कुणालाच माहीत नाही. या गोंधळाला शिस्त लावायला केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि एआयसीटीईने १९९० मध्ये एक योजना आणली. तिचं नाव डोएक. पुढे २०११ मध्ये तिचं नायलिट झालं. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे तिचे चार स्तर.

मला ही शिडी वाचताना खरंच आश्चर्य वाटलं. ‘ओ’ म्हणजे बारावीनंतरचा किंवा दहावी आणि आयटीआयनंतरचा पायाभूत अभ्यासक्रम. ‘ए’ त्याच्या वरचा. ‘बी’ला नोकरीसाठी एमसीएच्या बरोबरीचा दर्जा. ‘सी’ थेट एमटेकच्या पातळीचा. आणि परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त क्लासमध्ये गेलंच पाहिजे असंही नाही, घरी अभ्यास करून अर्ज भरता येतो. म्हणजे कागदावर तरी असं शक्य होतं की आयटीआय झालेल्या मुलीने कॉलेजचं तोंड न बघता एमटेकपर्यंत चढावं. ‘ओ’ लेव्हलला प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र पेपर असतो. आधी त्यात सी भाषा होती, अलीकडच्या अभ्यासक्रमात पायथॉन आहे.

मग ही शिडी आमच्याकडे कुणी का चढलं नाही? पेपर अवघड, पुस्तकं इंग्रजीत, शिकवणारा शहरात. आमच्या क्लासच्या पाटीवर ‘ओ लेव्हल’ असं रंगवलेलं होतं. मी सरांना एकदा विचारलं, हे कोण करतं? सर म्हणाले, ‘पाटीवर जागा उरली होती.’

महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. विवेक सावंत त्याचे प्रमुख. २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं. सरकारने इमारती बांधल्या नाहीत. गावोगावी जे खाजगी क्लास होते, टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या, त्यांनाच अधिकृत केंद्र केलं. अभ्यासक्रम संगणकावरच आणि मराठीतही. हेडफोन लावायचा, धडा चालू करायचा, तो सांगेल तसं माउस हलवायचा. शेवटी परीक्षाही संगणकावरच. प्रमाणपत्रावर तंत्रशिक्षण मंडळाचं नाव.

पण ते इतकं पसरलं याचं खरं कारण शासन निर्णयात आहे. सरकारी नोकरीला संगणकाची अर्हता सक्तीची झाली. आधीपासून नोकरीत असलेल्यांना ३१ डिसेंबर २००७ ही मुदत देण्यात आली. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. इतरांची वेतनवाढ अडकली, दिलेली वाढ वसूल करण्याची प्रकरणं पुढे कितीतरी वर्षं चालली. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, सगळे माउस धरायला आले.

आता एक मजेशीर गोष्ट. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीची कुठलीही जाहिरात काढून बघा. संगणक अर्हतेखाली वाक्य असतं ते साधारण असं, की डोएकची सीसीसी किंवा ‘ओ’ किंवा ‘ए’ किंवा ‘बी’ किंवा ‘सी’ स्तराची परीक्षा, किंवा एमएस-सीआयटी. म्हणजे ऐंशी तासांचं सीसीसी, वर्षभराचं ‘ओ’ लेव्हल, एमटेकच्या पातळीचा ‘सी’ स्तर आणि दोन-तीन महिन्यांचं एमएस-सीआयटी हे सगळं एकाच ‘किंवा’मध्ये. कारकुनाची जागा भरायला हे ठीकच आहे, कमीत कमी काय हवं ते सांगितलंय. पण या ‘किंवा’ने ‘ओ’ लेव्हलची राज्यातली गरज संपवली असं मला वाटतं. तेवढंच दार उघडणार असेल तर सी भाषा कोण शिकेल? राज्याने पहिली पायरी गावागावात नेली आणि दुसरी तिच्याच खाली गाडली गेली.

*

माझी बॅच २०१३ च्या एप्रिल-मेची. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि मधल्या सुट्टीत एमएस-सीआयटी करायचं हे आमच्याकडे देवदर्शनाला जाण्याइतकं ठरलेलं होतं. फी वडिलांनी दोन हप्त्यांत दिली. दुसरा हप्ता टोमॅटोच्या क्रेटला काय भाव मिळतो त्यावर होता.

क्लास एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात कीटकनाशकाचा वास. दहा-बारा संगणक, चपला बाहेर, कारण सरांची समजूत की धुळीने हार्ड डिस्क जाते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर सगळे संगणक चालायचे नाहीत. मग दोघांनी एकावर बसायचं.

त्या खुर्च्यांवर कोण बसायचं ते मला आज फार स्पष्ट आठवतं. आम्ही दहावीची पोरं होतो, त्यात निम्म्या मुली. भरतीची तयारी करणारी दोन मुलं, ज्यांना धावून धावून पायाला पट्ट्या बांधलेल्या. एक गुरुजी, वेतनवाढीच्या प्रकरणात अडकलेले, जे डबल क्लिक करताना श्वास रोखून धरायचे. लग्न ठरायच्या बेतातल्या दोन मुली. तेव्हा स्थळाच्या बायोडाटात ‘बी.ए., एमएस-सीआयटी’ असं लिहायची पद्धत होती. आणि एक वहिनी. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या असतील. म्हणजे आज माझं जे वय आहे तेच. तेव्हा आम्हाला त्या खूप मोठ्या वाटायच्या.

वेळांचं गणितही सांगायला हवं, कारण कोण शिकणार हे त्यावर ठरायचं. सकाळची सातची बॅच मुलांची, कारण मुलींना पहाटेचं घरकाम असे. दुपारची बॅच बायकांची आणि मुलींची. संध्याकाळी सहानंतर मुली जवळजवळ नसायच्याच. आमच्याकडे २००१ च्या सुमारास बिबट्याच्या हल्ल्यांनी लोक हादरले होते. तेव्हापासून उसाच्या कडेने अंधारात कुणी मुलीला चालू देत नाही. वस्तीवरून येणाऱ्या मुलीसाठी क्लासची वेळ म्हणजे शेवटची एसटी वजा बिबट्या. हा विनोद आमचे सरच करायचे, पण वेळापत्रक त्याप्रमाणेच लावायचे.

आणि जे नसायचे तेही लक्षात घेतलं पाहिजे. तालुक्याच्या पश्चिमेकडची, आपटाळे-इंगळूणच्या पलीकडची आदिवासी मुलं आमच्या क्लासमध्ये मी पाहिली नाहीत. आमच्याच शेतात टोमॅटो तोडायला येणाऱ्या मजुरांची मुलं तर नाहीतच. हप्त्यातली फी हीसुद्धा कुणासाठी तरी भिंत असते.

वहिनींच्या सासऱ्यांकडे गावातल्या दूध डेअरीचं काम होतं. दुधाचा भाव फॅटवर आणि एसएनएफवर ठरतो. अमुक फॅट असेल तर अमुक दर, त्याहून पॉइंट वाढला की इतके पैसे जास्त, कमी झाला की इतकी कपात. दहा दिवसांनी हिशोब करायचा तर वह्या घेऊन दोन रात्री जायच्या. एमएस-सीआयटीमध्ये प्रोग्रॅमिंगच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एक्सेलमधला ‘इफ’. धड्यात उदाहरण होतं मार्कांचं: पस्तीसच्या वर असेल तर पास, नसेल तर नापास. आम्ही ते केलं आणि पेंट उघडून चित्रं काढत बसलो. वहिनींनी मात्र दुसऱ्या दिवशी दराचा तक्ता आणला. एका ‘इफ’मध्ये दुसरा, त्यात तिसरा, असं करत त्यांनी सगळे दर त्यात बसवले. फॅट टाकलं की पैसे येऊ लागले.

तिसऱ्या दिवशी त्या वैतागून आल्या. क्लासमध्ये चालतंय, डेअरीत चालत नाही. डेअरीतला संगणक सेकंडहँड होता, त्यात एक्सेल २००३. क्लासमध्ये २००७. सरांनी डोकं खाजवलं. मला याचं कारण फार वर्षांनी कळलं. २००३ मध्ये एकात एक असे सातच ‘इफ’ घालता येत, २००७ मध्ये ती मर्यादा चौसष्ट झाली. वहिनींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने सातानंतर तुटतं हे शोधलं, ‘इफ’ सोडले, दरांचा वेगळा तक्ता केला आणि त्यातून दर शोधून आणणारं फंक्शन मदतीच्या खिडकीत वाचून लावलं. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ ही आमच्या धंद्यातली सर्वात जुनी तक्रार मी पहिल्यांदा ऐकली ती वारूळवाडीत, दुधाच्या फॅटवरून.

परीक्षेत वहिनींना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. पेढे द्यायला आल्या तेव्हा त्यांनी सरांना विचारलं, ‘याच्या पुढचं कुठं शिकवतात?’

‘पुण्यात.’

वहिनी बरं म्हणाल्या आणि पेढ्याचा पुडा पुढे केला. माझ्याही मनात तेव्हा काही आलं नाही. दोन वर्षांनी मी बारावी झालो आणि पुण्याला गेलो. मला कुणी काही विचारलं नाही, कॉट बेसिसवर खोली बघून दिली.

*

मुलींना प्रोग्रॅमिंग झेपत नाही असं म्हणणारे अजून भेटतात, म्हणून थोडं बाहेरचं बघू. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा संगणक जगापुढे आला, त्याचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहा जणी होत्या. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जाई, म्हणून बायकांकडे. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांमधला मुलींचा वाटा वाढत वाढत १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेला आणि मग घसरायला लागला, वीसच्याही खाली आला. अभ्यासकांनी दिलेल्या कारणांपैकी एक फार घरगुती आहे. त्या काळात घरात छोटे संगणक आले, ते मुलांची खेळणी म्हणून विकले गेले आणि मुलग्यांच्या खोलीत ठेवले गेले. पुढे ती मुलं कॉलेजात आली तेव्हा शिकून आलेली, मुली कोऱ्या. प्राध्यापकांना वाटलं, मुलग्यांना हे उपजत येतं.

कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी यावर काम केलं. तिथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ मध्ये मुली ७ टक्के होत्या. २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. मधल्या पाच वर्षांत बरंच केलं गेलं, पण त्यातला एक बदल मला टोचला. आधीपासून प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला प्रवेशात मिळणारं झुकतं माप त्यांनी काढलं, आणि येणाऱ्या-न येणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाच्या वेगवेगळ्या वाटा केल्या. थोडक्यात, त्यांनी गाळणी बदलली.

आपल्याकडे गोष्ट थोडी उलटी आहे. इंजिनीअरिंगच्या संगणक शाखेत मुलींचं प्रमाण अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त असतं. मुलीने एसीत बसून करायची नोकरी म्हणून आईवडिलांनाही हे क्षेत्र पसंत. आमच्या खुर्च्यांवर मुलगी-मुलगा या भेदाच्या आधी दुसरीच चाळणी लागते: गाव, फी, भाषा, एसटी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के घरांत. त्याच पाहणीत ग्रामीण भागातल्या पाच वर्षांवरच्या ९.९ टक्के लोकांना संगणक वापरता येत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, घरात संगणक नसताना बाहेर कुठेतरी बसून शिकलेले लोक बरेच आहेत. शाळेत, ऑफिसात, आणि कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर.

आणि आयटीआयमध्ये. कोपा म्हणजे कम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावीनंतर एक वर्षाचा ट्रेड. नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डेटा एंट्री येते, माझ्याही आली होती. अभ्यासक्रम उघडून बघितला तर त्यात एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे, डेटाबेस आहे. माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात यातलं काही नव्हतं. आम्ही वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासत होतो. आयटीआयत मुली सगळ्या ट्रेडला सारख्या नसतात. फिटर, वेल्डरकडे तुरळक, आणि कोपा, शिवणकाम यांच्याकडे भरपूर. सरकारी आयटीआयची फीही खाजगी क्लासच्या मानाने फारच कमी. म्हणजे जी मुलं मला माझ्या बॅचमध्ये दिसली नाहीत, त्यांच्यासाठी ही पायरी होती. नावात ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द असलेली, गावातून एसटीने जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल अशी जवळजवळ एकमेव.

हे सगळे कोर्स भारी आहेत असं मला म्हणायचं नाही. एमएस-सीआयटी झालेल्या कितीतरी लोकांना आज फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही. कोपाची प्रयोगशाळा कुठे चालू असते, कुठे कुलूपबंद. नुसत्या प्रमाणपत्रावर कुणाला डेव्हलपर म्हणून घ्या असं मीही सांगणार नाही. पण नुसत्या बी.ई.वर आम्ही घेतच आलोय की. मला स्वतःला पहिल्या नोकरीत रुजू होताना गिट वापरता येत नव्हतं. कंपनीने तीन महिने पगार देऊन शिकवलं. माझ्या पदवीने कंपनीला एवढंच सांगितलं होतं की या मुलाला चार वर्षं पुण्यात ठेवणं कुणाला तरी परवडलं.

*

दिवाळीत गावी गेलो तेव्हा क्लासवर चक्कर मारली. पाटी नवी आहे. ‘ओ लेव्हल’ गेलं, त्या जागी ‘पायथॉन’ आलंय. सर म्हणाले, पाचवी-सहावीची मुलं येतात, पालकांना वाटतं कोडिंग आलंच पाहिजे. मोठी माणसं मात्र कमी झाली, सगळ्यांच्या हातात फोन आहे, माउस कशाला शिकायचा. दुपारची बायकांची बॅच बंद झाली. खुर्च्या त्याच आहेत, एकीचं चाक तेव्हापासून गेलेलं.

डेअरीत आता कंपनीचं मशीन आहे. फॅट तेच मोजतं, पावती तेच काढतं. वहिनी तिथे बसतात. मी त्यांना त्या सात ‘इफ’चं कारण सांगितलं, बारा वर्षांनी. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘म्हणजे माझं चुकलं नव्हतं.’ मग त्यांनी मला मशीनच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक दाखवली. दशांशाची. दर पावतीला काही पैसे शेतकऱ्याचे कमी पडतात. कंपनीला दोनदा फोन केला, ऐकत नाहीत. त्या वहीत फरक लिहून ठेवतात आणि महिन्याअखेरीला हाताने जमा करतात. वही मी पाहिली. बरोबर आहे.

पुण्याला परत आल्यावर मी एचआरशी बोललो. गाळणीतली अट बदलायला फार वाद घालावा लागला नाही, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच कमी. आता पदवीऐवजी आधी एक छोटी कोडिंग टेस्ट जाते, सगळ्यांना. पण जुने अर्ज सिस्टिमने बंद केलेत, ते उघडता येत नाहीत. त्या मुलीला मी मेल करून कळवलं की पुन्हा अर्ज करता येईल. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. अर्ज भरायला घेतला, पण शिक्षणाच्या यादीत आयटीआय नाहीच, आणि ‘इतर’ निवडलं की फॉर्म पुढे सरकत नाही.

मी तपासलं. खरंच सरकत नाही. फॉर्म बाहेरच्या कंपनीने बनवलेला आहे, आम्हाला हात लावता येत नाही. तिकीट टाकलंय. अजून ओपन आहे.